चादरीचं दुसरं टोक

मास्तरीणबाईंबद्दल सांगा म्हटलं, की काका आधी चष्मा पुसत बसतात. खरं तर त्यांना ती बाई फारशी माहीतच नव्हती. तिचं घर कुठल्या गल्लीत, घरी आणखी कोण, ती हसते कशावर, यातलं काही त्यांना धड सांगता यायचं नाही. इतक्या वर्षांत दोघांमध्ये होती ती एक चादर. एक टोक तिच्या हातात, दुसरं काकांच्या.

काका इस्पितळात कपड्यांच्या कोठीवर होते. वॉर्डांना धुतलेल्या चादरी आणि उशांचे अभ्रे द्यायचे, मळके परत घ्यायचे. शेजारच्या धुलाईत ती. मोठ्या चादरीची घडी एकट्याने नीट होत नाही. जोडीदारीण जेवायला गेली, की ती कोठीच्या दारात येऊन म्हणायची, "काका, जरा टोक धरा." काका मुकाट्याने धरायचे.

मास्तरीणबाई हे नाव तिला बाकीच्या बायकांनी चिडवायला ठेवलं होतं. इस्त्रीच्या यंत्रामागे ती इंग्रजी व्याकरणाचं पुस्तक प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवायची. धुलाईच्या सुपरवायझरची जागा भरायची होती आणि तिला लेखी परीक्षा होती. पहिल्या खेपेला इंग्रजीत तिची दांडी उडाली होती. वयाच्या अटीमुळे ही खेप शेवटची. ओल्या लादीवर उभं राहून राहून तिचे गुडघे कामातून गेले होते. सुपरवायझरला कोरडी खोली असते, खुर्ची असते. ती मिळाली नाही, तर नोकरी सोडून घरी बसायचं, हे तिने एकदाच सांगितलं होतं, तेही घडी घालता घालता.

"बाकी सगळं रेटते मी," ती म्हणाली, "पण ॲक्टिव्ह-पॅसिव्ह आलं की घोडं अडतं."

"आपलं कर्तरी-कर्मणीच की ते," काका म्हणाले.

"ते तरी मला कुठे येत होतं?"

काकांनी कधी कोणाला शिकवलं नव्हतं. त्यांचं इंग्रजी शाळेतलं, त्यावर गंज चढलेला. तरी त्यांनी एक वाक्य दिलं, "शी वॉशेस द शीट. आता हे फिरवा."

"द शीट वॉशेस शी."

टबाशेजारून एकजण ओरडली, "खरंच गं बाई. चादरच धुते हिला. हात बघा हिचे."

सगळ्या हसल्या. ती हसली नाही, रागावलीही नाही. चादरीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "काका, तुमची टोकं मला द्या. माझी तुम्ही घ्या."

टोकं बदलताना चादरीला मधोमध पीळ पडला. तिने तो हलकेच सोडवला.

"म्हणजे नुसती टोकं बदलून भागत नाही. मधलंही सरळ करायला लागतं. द शीट इज वॉश्ड."

"कोणी धुतली?"

"बाय हर. शी तिकडे गेली की तिचं हर होतं, असंच ना?"

"असंच," काका म्हणाले. घरी जाऊन त्यांनी पुस्तकात एकदा बघून घेतलं. बरोबर होतं.

तेव्हापासून चादरीमागे एक वाक्य. नर्स चादर बदलते, चादर नर्सकडून बदलली जाते. वॉर्डबॉय गाडी ढकलतो, गाडी त्याच्याकडून ढकलली जाते. टबावरच्या बायकाही मधेच वाक्य टाकायला लागल्या.

"मास्तरीणबाई, ‘मी झोपते’ याचं पॅसिव्ह करा."

"त्याचं होत नाही. झोपायचं आपलं आपणच."

"बरंय, त्याला तरी साहेबांना विचारायला नको."

परीक्षेच्या दिवशी सकाळीच वाळवणीचं यंत्र बंद पडलं. ओल्या चादरींचा डोंगर साठला. वॉर्डांतून माणसांवर माणसं यायला लागली. ती एप्रन सोडत होती, तेवढ्यात व्यवस्थापक दारात उभे राहिले.

"आज कोणालाही सोडलं जाणार नाही."

"कोणी ठरवलं, साहेब?"

"तसं ठरलंय. परीक्षा काय, पुढेही होतील."

"माझी नाही होणार."

"तुम्हाला सोडता येणार नाही, बाई."

"सोडू नका," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "मी जाते. उद्या काय ती नोटीस द्या."

"आणि तुमचं घड्यांचं टेबल? ते कोण सांभाळणार?"

काका चादरीचं टोक धरून उभे होते. साहेबांशी ‘हो’ आणि ‘ठीक’ यापलीकडे ते कधी बोलले नव्हते. आज तोंडातून शब्द बाहेर पडले.

"मी सांभाळतो."

"तुम्ही? कोठीत कोण बसणार?"

"कोठीचं दार इथून दिसतं, साहेब. कोणी आलं, की जाईन."

साहेबांनी मागच्या डोंगराकडे बघितलं, मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं आणि निघून गेले. ‘हो’ म्हणाले नाहीत. तिने त्यांच्या ‘हो’ची वाटही बघितली नाही. टेबलावर पडलेली आपली टोकं जोडीदारणीला दिली, काकांना म्हणाली, "कोपऱ्याला कोपरा लावा हं," आणि लंगडत पण भराभर जिना चढून गेली.

त्या दिवशी काकांच्या घड्या वाकड्यातिकड्या आल्या. बायकांनी त्यांची यथेच्छ थट्टा केली. कंबर आठवडाभर बोलत होती. नोटीस मात्र आली नाही.

ती काठावर पास झाली. पण पास ती पास. तिची नेमणूक रस्त्यापलीकडच्या नव्या इमारतीत झाली. तिथली खुर्ची कशी होती, काकांनी कधी पाहिली नाही. जाऊन बघायचं मनात होतं, पण आपण कोण म्हणून जायचं, हे ठरेना. तेवढ्यात ते निवृत्त झाले. पुढे ती दिसली नाही.

नव्या इमारतीत जायच्या दिवशी तिने नेहमीसारखी दारातून हाक मारली होती. शेवटची चादर होती.

"काका, तुमची बाजू खाली गेलीय."

"आता?"

"आता ठीक. ठेवा वरच्या फळीवर."