गाश्पेरची रिकामी जागा

आमच्या पोडलिपच्या चर्चच्या मनोऱ्यात तीन घंटा आहेत. सणाच्या आदल्या दुपारी आम्ही त्या दोरीनं झुलवत नाही. तिघं जण वर चढतो, आपापल्या घंटेचा लोलक मुठीत धरतो आणि घंटेच्या कडेवर ठोके देतो. मोठी घंटा माझी, मधली येर्नेयची, धाकटी गाश्पेरची. आमच्या दोघी सावकाश चालतात आणि धाकटी त्यांच्यामधून पळते. तिला तसं पळवणारा हात या खोऱ्यात दुसरा झाला नाही.

एरवी गाश्पेर लाकडी दंताळी करायचा. त्याच्या उजव्या तळव्यात अनामिकेखाली गाठ आली, तेव्हा त्याला वाटलं, चाकूच्या मुठीनं घट्टा पडला. पुढं त्या गाठीची कातडीखाली ताठ दोरी झाली आणि ती अनामिका नि करंगळी आत ओढू लागली. दुखत नव्हतं, म्हणून तो कुणाला बोलला नाही. चर्चमध्ये शेजाऱ्याशी हात मिळवायची वेळ आली की टोपी उजव्या हातात घ्यायचा आणि डावा पुढं करायचा. तोंड धुताना वाकडं बोट डोळ्यात जायचं. चाकू मात्र त्या मुठीत छान बसायचा.

"मूठ एवढी आवळून कशाला फिरतोस रे?" येर्नेय त्याला म्हणायचा. "तुझ्याकडे कोण काय मागतंय?"

"हात धरायला असतो," गाश्पेर म्हणायचा. "उघडून दाखवायला नाही."

मग एका ईस्टरला लोलकच मुठीत मावेना. त्यानं दोनदा बोटं सैल करायचा प्रयत्न केला, लोलक हळूच सोडला आणि जिना उतरून गेला. आमच्यात माणूस जिवंत आहे तोवर त्याचा लोलक दुसऱ्यानं धरायचा नसतो. त्यामुळं पुढची काही वर्षं आम्ही दोघंच वाजवत राहिलो. जिथं त्याचे ठोके पडायचे तिथं थांबायचो. खाली अक्रोडाच्या झाडाखालच्या बाकावर तो बसलेला असायचा. वरून मला त्याची टोपी दिसायची, आणि आमच्या थांब्यात गुडघ्यावर हलणारा डावा हात. पोटिका, म्हणजे अक्रोड भरलेला सणाचा गोड पाव, कापायला घरोघर माणसं जमलेली असायची, पण तो शेवटचा नाद विरेपर्यंत उठायचा नाही.

त्याची मुलगी नेझा त्याला शहरातल्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी हात टेबलावर सपाट ठेवायला सांगितला. तळव्याखालून उंदीर गेला असता. त्यांनी समजावलं, की हा बोटाचा स्नायू नाही; कातडीखालचा पडदा जाड होऊन त्याची दोरी झाली आहे. नुसता हात बधिर करून ती काढता येते. पण बोटाची नस तिला वेढून गेलेली असते, एखाद्या बाजूची जाणीव जाऊ शकते. दोरी पुन्हा धरूही शकते. आणि नंतरचं अर्धं काम रोग्याचं, रात्री पट्टी बांधायची, दिवसा बोटं उघडायची.

गाश्पेरनं एकच विचारलं, "लोलक धरता येईल?"

"केवढा जाड?"

त्यानं डाव्या हातानं दाखवलं.

"अनामिका उघडेल," बाई म्हणाल्या. "करंगळी फार वर्षं वाकलेली आहे. तिचा शब्द मी देत नाही."

वसंतात बाईंनी तळवा उघडून दोरी काढली. तळव्यावर नागमोडी टाके पडले. सगळा उन्हाळा तो अंगणात बसून बोटं उघडायचा, मिटायचा. नेझा म्हणाली, "बाबा, जरा दम खा." तो म्हणाला, दम बाकावर बसून पुष्कळ खाल्लाय.

संत मिखाएलच्या सणाच्या आदल्या दुपारी तो वर आला. अनामिका सरळ होती, करंगळी अजून किंचित आत. लोलक मुठीत बसला. आम्ही सुरू केलं. त्याच्या जागेशी आलो, त्यानं हात उचलला, आणि तेवढ्यात माझा ठोका पडून गेला. दुसऱ्यांदाही तसंच. तिसऱ्यांदा त्यानं लोलक खाली सोडला.

"माझी जागा कुठाय?" तो म्हणाला.

तेव्हा कुठं आमच्या लक्षात आलं. तिथं कुणी नसल्यामुळं ती जागा आमच्या हातून सणागणिक आखडत गेली होती. आम्हाला वाटत होतं, आम्ही ती जपतोय.

येर्नेयनं मान खाली घातली. "तू गुडघ्यावर वाजव," तो म्हणाला. "बाकावर वाजवायचास तसं."

गाश्पेरनं डाव्या हातानं गुडघ्यावर ठोके दिले. त्याची जागा तिथं जशीच्या तशी होती, लांबरुंद. आम्ही ती ऐकत राहिलो, मग त्या मापानं हळूहळू मोठ्या घंटा चालवल्या. त्यानं लोलक उचलला. धाकटी पळाली. पूर्वीइतकी नाही, पण पळाली. खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलवरून उतरून उभं राहिलेलं दिसलं.

संपल्यावर त्यानं उजवा तळवा अजून थरथरणाऱ्या घंटेवर ठेवला. जवळजवळ सपाट बसला.

"करंगळीला काही कळत नाही," तो म्हणाला.

आणि नाद पुरता थांबेपर्यंत त्यानं हात काढला नाही.