एकदा बरोबर, दोनदा चूक

फोन आला तेव्हा मी कुरखेड्याकडच्या एका गावात होतो. दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे गावजत्रांच्या, दिवसांत झाडीपट्टीची नाटकं गावोगाव फिरतात, त्यातल्या एकात मी लोकांले हसवायचं काम करतो. सकाळी टपरीवर चहा पिऊन राह्यलो होतो, बाजूले नाटकातले चार पोट्टे, अन् मोबाईलवर पुष्पाबाईचं नाव दिसलं. पुष्पाबाई म्हणजे आमच्या गावच्या बचत गटाची अध्यक्ष. तिचा फोन मी कधीच सरळ उचलत नाई. त्या दिवशीही आमदाराच्या पीएचा आवाज काढला, "बोला, साहेब मीटिंगमध्ये आहेत, काम सांगा." पोट्टे खिदळले. ती म्हणाली, "गोलू, नाटक बंद कर. कवडूभाऊ गेला रे." मी विचारलं, "कुठी?" हे मात्र माझ्याच आवाजात होतं. इतका बावळट प्रश्न दुसऱ्या कोणाच्या आवाजात विचारता येत नाई.

कवडूभाऊ माझा नातेवाईक नाई. सिंदेवाहीपासून सायकलनं जाता येते एवढ्यावर आमचं गाव, अन् आमच्या गल्लीच्या टोकाशी त्याचं घर. वय चाळिशीच्या वर. जन्मापासूनच हातपाय त्याचं ऐकत नव्हते, मान एका बाजूले, अन् बोलणं असं की एक वाक्य बाहेर निघेपर्यंत समोरचा घरी जाऊन जेवून येईन. डोकं मात्र लखलखीत. दिवसभर रेडिओ ऐकून त्याले जगातलं सगळं मालूम होतं, पण त्याले मालूम आहे हे गावाले मालूम नव्हतं. तेवढं थांबतं कोण? लोक त्याच्यासमोर उभे राहून त्याच्या आईले विचारत, "याले चहा देऊ काय?" जसा काही तो घरातला माठ आहे.

मी तरी कोणता शहाणा होतो! शाळेत हेडमास्तरचा आवाज काढून पोरांले सुट्टी देऊन टाकणारा मी. चार वर्षांआधी गावच्या मंडईत स्टेजवर चढलो, सरपंच झाला, तलाठी झाला, वाघ पाहून पळणारा फॉरेस्ट गार्ड झाला, अन् टाळ्या थांबेनात तं हुरळून जाऊन कवडूभाऊचाही आवाज काढला. लोक लोळून हसले. मंग दिसलं, पहिल्याच रांगेत त्याची तीनचाकी सायकल उभी. तो हसत नव्हता, मान तिरपी करून ऐकत होता.

दुसऱ्या दिवशी त्याच्या आईनं बोलावणं धाडलं. मले वाटलं, आता पडते. मी भाऊचे पाय धरायच्या तयारीनंच गेलो. भाऊनं पाच मिनिटं घेऊन एक वाक्य बोललं, अन् ते मले पहिल्याच झटक्यात समजलं: "चुकलं. मी सुरुवातीले नाई अडकत, मधात अडकतो. पुन्हा कर." मी पुन्हा केलं. मंग म्हणाला, "आता बरोबर. इतक्या ध्यानानं मले कोनी ऐकलं नाई बे." त्याची आई दारात उभी होती, ती पदरात तोंड लपवून आत गेली. मी तिथंच बसून राह्यलो. नक्कल करायची तं आधी ऐकावं लागते, म्हणून ऐकलं होतं. त्यात माझं काही पुण्य नव्हतं.

तिथून माझी नोकरी सुरू झाली. तेव्हा आमच्या गावात महिन्याची बैठक नवीनच भरू लागली होती. समाजमंदिरात दिव्यांग लोक, बचत गटाच्या बाया, ग्रामपंचायतवाले, आशाताई अन् तालुक्याचे एक साहेब एकत्र बसत. कोणाले कशी मदत लागते, ती कोण करन, हे मदत लागणाऱ्यानंच सांगायचं, असा त्या बैठकीचा विचार होता. विचार चांगला होता, फक्त कवडूभाऊचं बोलणं कोणाले समजत नव्हतं. म्हणून तो बोलायचा, अन् मी ते मोठ्यानं सांगायचो. त्यानं अटी घातल्या. माझं पुरं झाल्याशिवाय तोंड उघडायचं नाई. लहान करायचं नाई. गोड करायचं नाई. तीनचाकीच्या दांड्यावर सायकलची घंटी होती, त्याचा डावा हात तेवढ्यापुरता चाले. एकदा वाजली तं बरोबर, दोनदा वाजली तं चूक. मी जमीनदार-मालगुजार असल्यासारखा गावात फिरू लागलो. भाऊही कमी नव्हता. साहेबानं तेच आश्वासन तिसऱ्यांदा दिलं तेव्हा मले म्हणाला, "हे साहेबाच्याच आवाजात साहेबाले ऐकव." मी ऐकवलं. घंटी एकदा वाजली. साहेबही हसले, अन् काम झालं!

मंग त्याची आई वारली. आता याचं काय करायचं, यावर बैठक बसली. कोणी म्हणलं चंद्रपूरच्या संस्थेत पाठवा. भाऊनं सांगतलं, मी माह्या घरी राहीन. पुष्पाबाई तडक उठली, "आमी पाळी लावतो न. डबा आमचा, आंघोळ आमची. गाव मेलं नाई अजून." अन् खरंच लावली. इतक्या बायांनी, स्वतःचं घर, वावर, लेकरं सांभाळून... त्या कामाले कोणी नाव ठेवू नये.

पण त्या पावसाळ्यात काय होत होतं ते मी रोज पाहत होतो. न्हाणीच्या दारातून भाऊले आत नेता येत नव्हतं, म्हणून आंगणात खाटेवर आंघोळ. धानाचा रोवणा, म्हणजे लावणी, सुरू होता, बाया बांधीतल्या चिखलातून सुटतील तेव्हा येणार, म्हणजे कधी दुपारी, कधी शाळा सुटायच्या टायमाले. दोघी मिळून त्याले चोळून काढत, अन् आंगणासमोरून सगळा रस्ता जाई. "लाजतं काऊन रे, आमच्या लेकरावानीच आहेस तू," असं पुष्पाबाई मायेनंच म्हणे. भाऊ आभाळाकडं पाहत राहे.

पुढच्या बैठकीत साहेबांनी विचारलं, "कवडूभाऊ, नीट चाललंय ना?" भाऊ बोलू लागला. साहेबांची गाडी चालू करून उभी होती, त्यांले पुढं पोंभुर्ण्याले जायचं होतं. भाऊचं वाक्य दहा मिनिटं चाललं. मले एक-एक शब्द समजला. "आंघोळीले मानूस पायजे. आंगनात आडोशाले बांबूची तट्टी पायजे. मी लेकरू नाई." समोर पुष्पाबाई बसली होती, हाताले रोवण्याचा चिखल तसाच. एवढ्या बायांसमोर आंघोळीचं कसं बोलावं? त्यांले राग आला अन् डबाच बंद झाला तं? हे सगळं माह्या डोक्यात एका दमात आलं, अन् मी उभा राहून म्हणलं, "भाऊ म्हणतात, बाया लेकरावानी जपून राह्यल्या. सगळं मस्त आहे."

घंटी दोनदा वाजली. मी पुढं बोललो, "भाऊ खूप खुश आहेत." घंटी दोनदा, पुन्हा दोनदा, मंग नुसती वाजतच राह्यली... साहेब उठता उठता म्हणाले, "बघा, घंटीपण खुश झाली!" सगळे हसले. मीही हसलो. ते हसणं मी अजूनही कोणाची नक्कल म्हणून खपवू शकलो नाई.

महिनाभर भाऊ मले बोलला नाई. मी गेलो की डोळे मिटून घेई. महिनाभर आंघोळ आंगणातच झाली. पुढच्या बैठकीले त्यानं मले बोलावलंच नाई, शेजाऱ्याकडून तीनचाकी ढकलवून घेत आला अन् स्वतःच बोलू लागला. मी मागं भिंतीशी उभा. लोक माह्याकडं पाहत होते, मी खाली. चहा थंड झाला, साहेबांनी दोनदा घड्याळ पाह्यलं, भाऊ थांबला नाई. घाम गळून राह्यला, लाळ गळून राह्यली, तेच तीन वाक्य पुन्हा पुन्हा. सगळ्यात आधी पुष्पाबाईले समजलं. 'लेकरू' शब्दावर तिचा चेहरा बदलला. ती उठून गेली. मले वाटलं, गेला डबा. दुसऱ्या दिवशी सकाळीच तिच्या घरचा बांबू अन् तिच्या घरचा नवरा, दोन्ही भाऊच्या आंगणात हजर होते.

मी माफी मागायले गेलो तं अवघडलो. म्हणून सरपंचाच्या आवाजात सुरुवात केली, "आज या ठिकाणी मी दिलगिरी व्यक्त करतो..." घंटी दोनदा. हेडमास्तरचा आवाज लावला. दोनदा. मंग माह्याजवळ कोणताच आवाज उरला नाई. शेवटी कसंबसं निघालं, "चुकलो भाऊ." भाऊनं खूप वेळ लावला. मंग एकदा वाजवली.

त्यानंतर बैठकीत नियमच झाला, भाऊची घंटी एकदा वाजल्याशिवाय वहीत काही लिहायचं नाई. हळूहळू लोक थांबायले शिकले. काहींले तं माह्याशिवायही समजू लागलं, अन् खरं सांगू, मले थोडा मत्सरच वाटे.

यंदा थंडीत त्याच्या छातीत कफ भरला. मी नाटकासोबत फिरत होतो. पुष्पाबाईनं त्याले दवाखान्यात नेलं, तीनचाकी घरीच राह्यली, घंटीही. त्या फोननंतर मी परत आल्यावर ती मले म्हणाली, "शेवटी काही तरी बोलला रे. दोन डाव तेच बोलला. मले नाई समजलं." मंग तिनं त्याच्यासारखं तोंड करून तो आवाज काढून दाखवला. "असं काही तरी होतं गोलू, तू सांग न काय म्हनला." मी तिले चार वेळा काढायले लावला. ती काढत राह्यली, रडत राह्यली. मले काहीच समजलं नाई.

परवा त्याच्यानंतरची पहिली बैठक झाली. लकव्यानं खाटेवर पडलेल्या वच्छलाबाईले घरीच ठेवायचं की संस्थेत पाठवायचं, हा विषय होता. तिची खाट समाजमंदिरात आणून ठेवली होती. साहेब मले म्हणाले, "कवडूभाऊ असते तर काय म्हणाले असते? सांग, त्यांच्याच आवाजात." सगळे वळून पाहू लागले. पुष्पाबाईही. मी काढू शकलो असतो. मधात अडकून, हुबेहूब. माह्या मनाचं काहीही बोललो असतो तरी लोकांनी डोळे पुसून वहीत लिहिलं असतं. चूक म्हणून सांगायले आता कोण होतं?

"मले नाई मालूम," मी म्हणलं. "वच्छलाबाईले विचारा."

त्याच दुपारी भाऊची घंटी सोडवून तिच्या खाटेले बसवली. तिचा उजवा हात चालते. पहिल्यांदा वाजवली तेव्हा मी सवयीनं मोजू लागलो.

तीनचाकी अजून आंगणात तट्टीजवळ उभी आहे. दांड्यावर घंटीच्या जागी गंजाचा गोल उरला. आज हे सगळं लिहून झालं तं कागद घेऊन तिथं गेलो अन् तीनचाकीसमोर बसून पहिल्यापासून वाचलं, माह्याच आवाजात. लहान नाई केलं, गोड नाई केलं. वाचून झालं.

मंग थांबून राह्यलो. भाऊले वेळ लागते.