खालची पापणी

राधानगरीकडच्या आमच्या गावात नव्वद-पंच्याण्णवच्या सुमाराला एक नर्सबाई यायच्या. त्यांचं नाव मला कधी कळलं नाही. त्या दवाखान्यात थोड्याच बसायच्या! सकाळी दूध संस्थेच्या दारात उभ्या राहायच्या, कारण गावातल्या बायका तिथं हमखास सापडायच्या. समोर येईल तिची खालची पापणी अंगठ्यानं ओढून आत लाली आहे का बघायचं, हाच त्यांचा रामराम.

मला सातवा महिना होता. माझी पापणी बघून त्यांनी भर रांगेत सासूबाईंना विचारलं, "मावशी, दुधाला फॅट कमी लागली की काय करता?"

"म्हशीला पेंड वाढवतो की!"

"आणि सुनंला?"

सगळी रांग फिसकन हसली. "आम्ही काय हिला उपाशी ठेवलीया?" म्हणत सासूबाई भांडायला पुढं सरसावल्या, तर बाईंनी त्यांचीच पापणी ओढली. ती माझ्यापेक्षा पांढरी निघाली.

"अगं बया, हितं तर दोन म्हशी पेंडीवाचून हायत!" असं म्हणून बाईंनी दोघींच्या हातावर रक्तवाढीच्या गोळ्या ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी धार काढल्यावर, संस्थेत न्यायचा कॅन भरायच्या आधी सासूबाईंनी दोन पेले भरले. एक माझ्या हातात दिला, दुसरा स्वतः उभ्याउभ्या संपवला.

आठवड्यानं सासऱ्यांनी विचारलं, "म्हस आटाय लागली का काय?"

आम्ही दोघी एकदम म्हणालो, "व्हय की!"