बारा इंचांच्या आत

चौतीस वर्षं मी धारवाडात गणित शिकवलं आणि एकाही पोराला अर्धा मार्क फुकट दिला नाही. स्वतःच्या मुलाला तर नाहीच. तो माझ्याच वर्गात होता. इतरांना एका चुकीला एक पट्टी, त्याला दोन. म्हणजे सर आपल्या पोराला पाठीशी घालतात असं कुणी म्हणायला नको. ‘हात पुढे कर’ म्हटलं की तो हात पुढे करायचा आणि भिंतीकडे बघत राहायचा. ती दोन फुटी लाकडी पट्टी अजून माझ्याकडे आहे.

हा मुलगा मोठा होऊन इथल्याच, धारवाडजवळच्या बेलूरच्या कारखान्यात लागला, मग बंगळूरला गेला. जाताना मागे एक मासा ठेवून गेला. लाल शेपटीचा, पांढऱ्या पोटाचा, तोंडाला लांब मिशा असलेला. तेव्हा तो माझ्या करंगळीपेक्षा जरासा मोठा होता. काचेची टाकी तीन फूट लांब, एक फूट रुंद.

“अप्पा, ही टाकी तात्पुरती आहे,” तो म्हणाला. “हा भराभर वाढतो. बारा इंचांचा झाला की मला सांगा, मी येऊन हलवतो.”

हलवायचं कुठे तेही ठरलं होतं. हुबळीत गोकुळ रोडला त्याच्या मित्राचं वर्कशॉप आहे. वर्कशॉपमागच्या मोकळ्या जागेत तो मित्र मोठा सिमेंटचा हौद बांधणार होता.

मला मासे आवडत नाहीत. केलगेरीच्या आमच्या घरात कांदासुद्धा चातुर्मासात बंद असतो, तिथे हॉलमध्ये हा मिशाळ प्राणी. नाही म्हणणार होतो. पण दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी सातला माझा फोन वाजला. माझा. त्याआधी तो आठवड्यातून एकदा आईला फोन करायचा, ‘अप्पा बरे आहेत ना?’ एवढं विचारायचा आणि उत्तर यायच्या आत ठेवायचा. आता रोज मला. “अप्पा, खाल्लं का त्यानं? नळाचं पाणी एक दिवस तसंच ठेवून मग घाला हं.” आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, पाणी साठवायला मला कुणी शिकवायची गरज नव्हती. तरी मी ‘बरं, बरं’ म्हणत ऐकून घ्यायचो. दहा मिनिटं बोलायचा, त्यातली नऊ माशाची. शेवटी विचारायचा, “तुमचा गुडघा कसा आहे?” त्या एका मिनिटासाठी मी पाच वाजल्यापासून फोन चार्ज करून बसायचो. सांगायला लाज वाटते, पण खरं आहे.

दर रविवारी मी पट्टी काचेला लावून माप घ्यायचो. सात. नऊ. सव्वाअकरा. त्या रविवारी पट्टी हातात धरून मी जरा वेळ बसलो. बारा सांगितलं की मुलगा येणार, एक दिवस राहणार, मासा नेणार, आणि माशाबरोबर फोनही जाणार. एका बाजूला एक दिवस, दुसऱ्या बाजूला रोजची दहा मिनिटं. इतकं सोपं गणित मी पाचवीलासुद्धा घातलं नव्हतं. सात वाजता मी सांगितलं, “साडेनऊ.”

“एवढाच?”

“इथली थंडी. वाढ खुंटली असेल.”

त्याने विश्वास ठेवला. माझं माप चुकतं हे त्याच्या कल्पनेतच बसत नव्हतं. व्हिडिओवर दाखवताना मासा तोंड समोर करेपर्यंत मी थांबायचो, म्हणजे लांबी दिसत नाही. मासा वाढला तसा मी फोन घेऊन मागे सरत गेलो. शेवटी माझी पाठ कपाटाला टेकली.

हौद दिवाळीआधीच बांधून झाला. मित्राने फोन केला. “सर, हौद रेडी ऐत्री. यावाग तरतीरी?” कधी आणताय, म्हणून विचारत होता. तोही माझाच विद्यार्थी. मी म्हटलं, “मी सांगेपर्यंत गप्प बसायचं. त्याने विचारलं तर हौद गळतोय म्हण.” तो “हूं री, सर” म्हणाला. माझी पट्टी त्यानेही खाल्ली होती.

दीड फुटाचा मासा एक फूट रुंदीत वळणार कसा? अंग मुडपून, शेपटी तोंडाशी आणून, काचेला घासत घासत वळायचा. नाक सोलून पांढरं पडलं. डावीकडची मिशी झिजून खुंट उरला. पुढे तो वळायचाच थांबला. कोपऱ्यात तोंड खुपसून पडून राहायचा, आणि त्याच्या पाठीला कायमचा बाक आला. मला दिसत नव्हतं असं नाही. मी रोज टाकीपुढे बसत होतो. दिसत होतं, आणि सात वाजायची वाट बघत होतो.

“अहो, त्याला वळता येईना झालंय की,” एकदा पाणी काढताना ही म्हणाली.

“त्याला सवय झालीय.”

“पोराबद्दलही असंच म्हणायचात. पट्टीची सवय झालीय त्याला, म्हणून.”

मी म्हटलं, तुला यातलं कळत नाही, मध्ये पडू नकोस. लग्नाला चाळीस वर्षं झाली, ती कधी मध्ये पडली नव्हती. त्या दिवशी मी आंघोळीला गेल्यावर तिने पट्टी टाकीच्या काठावर आडवी ठेवली, वरून फोटो काढला आणि मुलाला पाठवला.

तो दुसऱ्या दिवशी सकाळी आला. चपला काढल्या, आईच्या पाया पडला, आणि टाकीपुढे उकिडवा बसला. मग पट्टी उचलून काचेला लावली.

“अप्पा, किती?”

“साडेएकोणीस,” मी म्हणालो.

“आणि रविवारी किती सांगितलं होतंत?”

“अकरा.”

तो उभा राहिला. माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे. “हात पुढे करा,” तो म्हणाला.

मी हात पुढे केला. भिंतीकडे बघितलं. हातावर पट्टी पडली नाही. त्याने ती हलकेच तळव्यावर ठेवली आणि मित्राला टेम्पो घेऊन यायला सांगण्यासाठी बाहेर गेला. मी कितीतरी वेळ हात तसाच धरून होतो.

टेम्पो आल्यावर त्याने आणि मित्राने मिळून मासा निळ्या पिंपात घातला. पिंपातही तो वाकडाच राहिला. जाताना मुलगा माझ्याकडे वळला नाही.

आता सात वाजता हिचा फोन वाजतो. ती तो घेऊन स्वयंपाकघरात जाते आणि दार लोटून घेते. बाहेर आल्यावर मला सांगते: मासा हौदात जगलाय, पण पाठ आता सरळ होणार नाही. मी एकदा आपणहून मुलाला फोन लावला. “काय काम होतं?” त्याने विचारलं. काम काही नव्हतं. “मग ठेवतो,” म्हणाला.

दोन महिने मी माशाविना टाकी पाण्याने भरलेली ठेवली, पंपही चालू ठेवला. गेल्या सोमवारी हुबळीला माशांच्या दुकानात गेलो. दुकानदार भला होता. लाल शेपटीचं एवढंसं पिल्लू जाळीत धरून म्हणाला, “सर, हा फार मोठा होतो बघा. टाकी किती फुटांची आहे?”

“तीन,” मी म्हणालो. “तात्पुरती आहे.”

घरी येऊन पिल्लू टाकीत सोडलं, पट्टी काचेला लावली आणि आकडे नीट दिसतील असा फोटो काढला. अडीच इंच. माप अगदी खरं. फोटो मुलाला पाठवला. ही दारात उभी राहून बघत होती. “अहो,” एवढंच म्हणाली आणि खाली बसली.

पाच मिनिटांच्या आत फोन वाजला. माझा. नाव बघितलं, आणि बराच वेळ नुसता वाजू दिला.