डोळा न दुखावता

भाद्रपदाचं ऊन अंगाला चिकटत होतं, वारा नावाला नव्हता. मांजरी गावात सार्थकच्या ऊसरोपांच्या नर्सरीत सकाळी सातलाच बायका बेण्याच्या उसाच्या ढिगाभोवती बसल्या होत्या. मैनाबाईची जागा कटरपाशी. हातानं दाबायच्या त्या पात्याखाली ती ऊस सरकवायची, डोळ्याच्या वर दोन बोटं, खाली दोन बोटं, आणि खाट्! एका डोळ्याची टिपरी टोपल्यात. उसाचा डोळा म्हणजे पेरावरचा कोंब, त्याला पातं लागलं की रोप मेलं. बाकीच्या बायकांचे शंभरात पाच-सहा डोळे दुखावायचे, मैनाबाईचा एखादा. एकवीस वर्षं त्या जागेवर दुसरं कुणी बसलं नव्हतं.

त्या सकाळी ती रोपांचा ट्रे उचलायला गेली आणि उजव्या मनगटातून कडक् आवाज आला.

"ट्रे उचलावा आन् हाड मोडावं?" नवरा, गेनबा, प्लास्टरकडं बघत म्हणाला. "तू बाई हायेस का पापड?"

तशी दोन वर्षं ती कुरकुरतच होती. गुडघे, कंबर, दोनदा मुतखडा, घागर रिकामी होईल एवढी तहान. 'हाडं ठिसूळ झाली' एवढं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. मग एकीनं नाचणी आणली, एकीनं दूध, शेजारी बसणाऱ्या मुक्ताबाईनं कॅल्शियमच्या गोळ्या. एका गोळीनं गुण येईना म्हणून मैनाबाई दोन खाऊ लागली.

प्लास्टर निघालं तरी मुठीत जोर येईना. सार्थक नजर चुकवत म्हणाला, "काकू, पौषात सुरू हंगामाच्या लागणीची रोपं धरायचीत. तोवर नाही जमलं तर कटरवर मुक्ताकाकू बसतील. तुम्ही ट्रेत भरायचं कोकोपीट भिजवा."

मनगट मोडलं तेव्हा रडली नव्हती, ती त्या दिवशी रडली.

हाडाच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि चिठ्ठी देऊन पुण्यात डॉक्टर आलियांकडं धाडलं. गळ्यातल्या गाठींच्या त्या सर्जन. रिपोर्ट बघून त्यांनी चष्मा काढला.

"अहो, कॅल्शियम किती खाताय?"

"रोज दोन."

"आजपासून बंद. तुमच्या रक्तात ते आधीच उतू चाललंय."

"मग हाडं का मोडत्यात?"

"हाडांतूनच तर आलंय ते." डॉक्टरांनी कागदावर गळा काढला. थायरॉइडच्या मागं तांदळाएवढ्या चार ग्रंथी असतात, कॅल्शियमचा कारभार बघणाऱ्या. त्यांतली एक फुगली होती आणि हाडं पोखरून कॅल्शियम रक्तात सोडत होती.

"म्हंजे घरातलाच चोर!" गेनबा म्हणाला. "मग गळा कापणार?"

"नाही. काखेत छोटी भोकं पाडायची, तिथून दुर्बीण न्यायची."

"काखेत कळसा आन् गावाला वळसा!"

"वळसा आहे खरा," डॉक्टर हसल्या. "पण गळ्यावर वण राहत नाही."

"माझ्या गळ्याकडं आता कोण बघतंय?" मैनाबाई म्हणाली. "हाताचं सांगा."

"हाडं भरतील. जपायचं ते एवढंच, की ग्रंथीला लागूनच आवाजाची नस जाते. ती न दुखावता गाठ काढायची."

मैनाबाई सावरून बसली. हे काम तिच्या ओळखीचं होतं. "किती काढल्यात अशा?"

"तीनशेच्या वर."

"नस किती दुखावल्या?"

"दोघांचा आवाज बसला होता. तीन महिन्यांत परत आला."

"मग करा," मैनाबाई म्हणाली. बाहेर आल्यावर गेनबाला सांगितलं, "एकबी न्हाई म्हणाल्या असत्या तर मी उठले असते. एकबी न्हाई म्हणणारीचं टोपलं मी आधी उपसून बघते."

दिवाळी झाल्यावर ऑपरेशन झालं. गाठ काढल्यावर तिथल्या तिथं रक्त तपासलं; आकडा घसरला, म्हणजे चोर नेमका सापडला होता. डॉक्टरांनी गेनबाला बाटली दाखवली. आत वालाच्या दाण्याएवढी गाठ.

"एवढुशानं माझी बाय वाकवली?" गेनबानं बाटलीकडं असं बघितलं की जणू कोर्टातच खेचणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैनाबाईची बोटं मुंग्या चावल्यागत झिणझिणू लागली, ओठही. गेला हात! तिनं घाईनं डॉक्टरांना बोलावणं धाडलं.

"घाबरू नका, ही हाडांची भूक आहे," डॉक्टर म्हणाल्या. "इतके दिवस लुटली गेली, आता रक्तातलं कॅल्शियम ओढून घेताहेत. गोळ्या सुरू करू."

"कसल्या?"

"कॅल्शियमच्या."

"अवो, तुमचं एक काय त्ये ठरवा की!"

आख्खा वॉर्ड हसला. मैनाबाई दचकली, कारण तो खणखणीत आवाज तिचाच होता.

पौषात नदीकडून धुकं आलं. उसाचं पाचट पेटवून बायका शेकत होत्या. कटरपाशी मुक्ताबाई बसली होती.

"आलीस व्हय! गळ्याला चीर सुदिक न्हाई. कापलं का नुस्ती झोपून आलीस?"

"काखेत बघ. आन् ऊठ तिथनं."

सार्थक जवळ येऊन उभा राहिला. डॉक्टरांनी बजावलं होतं, ट्रे उचलायचा नाही, कटर चालेल. पहिल्या दहा टिपऱ्यांना मनगट कुरकुरलं. मग वर दोन बोटं, खाली दोन बोटं, खाट्. खाट्. बायका मोजू लागल्या. शंभर झाल्यावर मुक्ताबाईनं टोपलं स्वतः उपसलं, एकेक टिपरी फिरवून बघितली आणि एक उचलून नाचवली. "ही बघ! एक दुखावला."

"एकच ना?" मैनाबाई म्हणाली. "मग हात माझाच हाय."

सार्थक हसला आणि मुक्ताबाईला म्हणाला, "काकू, कोकोपीट भिजवायचं राहिलंय बरं का."

मैनाबाईनं ती टिपरी शेळीसाठी बाजूला टाकली आणि ढिगातला पुढचा ऊस ओढला.