सरांची करेक्शनं

बिराजदार सर आर्किटेक्ट. त्यांच्या ऑफिसची आणि माझ्या स्वयंपाकघराची भिंत एकच. त्यामुळं किस्से गोळा करायला मला कुठं जावं लागत नाही. इकडं फोडणी होईपर्यंत तिकडं एखादा तयार असतो. पूर्वीचे नुसते हसायचे होते. अलीकडचे सांगताना मध्येच थांबावं लागतं.

गेल्या वर्षी सरांना अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. ऑफिसातली पोरं एकेक करून पुण्याला निघून गेली. राहिली एकटी प्रज्ञा. होटगीहून येते, वडील रेल्वेत गँगमन. नकाशे आणि थ्रीडी व्ह्यू, म्हणजे घर बांधून झाल्यावर कसं दिसेल त्याची कॉम्प्युटरवरची चित्रं, शिकायला नुकतीच आलेली. सरांनी तिला माझ्यादेखतच सांगितलं, "तू तयार झालीस तर ऑफिसची पाटी राहील. नाहीतर उतरवू."

 पोरीला पदवी नाही, इंग्रजी बेताचं, आणि डोक्यावर अख्खं ऑफिस!

* * *

सर तिला कॉम्प्युटरला हातच लावू देईनात. आधी टेप घे म्हणाले, शेजारचं स्वयंपाकघर मोजून आण. ती आली, मोजलं, मग माझ्याकडंच बघत राहिली.

"काकू, ओटा लई उंच हाय. तुमचे खांदे दुखत असतील की."

इतकी वर्षं मी ते वयाचं दुखणं समजून बाम चोळत होते.

* * *

थ्रीडीमध्ये माणसं उभी करतात, घर भरलेलं वाटावं म्हणून. कॉम्प्युटरमधली ती माणसं सगळी गोरी, हाफपँटीतली. चादरीचा कारखाना असलेल्या एका म्हाताऱ्या तेलुगू बाईंनी व्ह्यू बघितला आणि शांतपणे विचारलं, "हे आमच्या हॉलात कोण बसलेत? भाडेकरू?"

सर लाल पेन डाव्या हातात धरून म्हणाले, आपली माणसं घाल. प्रज्ञानं माझाच फोटो काढला. तेव्हापासून लोकांच्या बंगल्यांच्या गॅलरीत मी उभी असते. आयुष्य दोन खोल्यांत गेलं, पण एकही गॅलरी सोडली नाही. एका गिऱ्हाइकानं मात्र तक्रार केली: "बाई राहू द्या, पण तोंड रस्त्याकडं करा. आमच्या घरात बघतायत."

* * *

वैरागच्या एका व्यापाऱ्याला पश्चिमेच्या भिंतीला पूर्ण काच हवी होती. प्रज्ञानं व्ह्यू केला, संध्याकाळचा, केशरी उजेडाचा. मला तर तिथं जाऊन राहावंसं वाटलं. सरांनी तिला मे महिन्यात भर दुपारी माझ्या पश्चिमेच्या खिडकीत बसायला पाठवलं. मी ताक दिलं, तरी पोरगी लालबुंद झाली. परत जाऊन तिनं व्ह्यूमधली काच काढली आणि व्यापाऱ्याला फोन केला, "दादा, तितं माणूस भाजतंय."

व्यापाऱ्यानं काम काढून घेतलं. 

* * *

मग सर डाव्या हातानं स्केच काढायला लागले. एकदा एका घराची कंपाउंडची भिंत काढून दिली. प्रज्ञा दिवसभर राबली. स्क्रीनवर भिंत आली ती नागमोडी, जागोजागी दातेरी.

"हे काय?" सर म्हणाले.

"तुमच्या स्केचमधी तसंच हाय, सर. मला वाटलं डिझाइन हाय."

सर कागदाकडं बघत राहिले. चहा द्यायला गेलेली मी तिथंच बसले होते, मला उठून जावंसं वाटलं. मग ते म्हणाले, "माझी रेघ बघू नको. मला काय म्हणायचंय ते बघ."

ती बाहेर येऊन माझ्या पायरीवर बसली आणि रडली. पाटी उतरणार, एवढंच म्हणत होती.

* * *

हा किस्सा मागच्या महिन्यातला. डॉक्टरांनी सरांना जिना बंद केला. घर ऑफिसच्या वरच, तिथली बेडरूम सुटली. ऑफिसचीच अर्धी जागा घेऊन खाली खोली करायची ठरली, आणि ते काम सरांनी प्रज्ञाला दिलं. मी शेंगाचटणी द्यायचं निमित्त काढून गेले.

व्ह्यू सुरेख होता. कॉट खिडकीशी, बाथरूमला धरायला दांडी, हाताशी पुस्तकं. सरांनी सगळं नीट बघितलं आणि दारावर बोट ठेवलं.

"दार चार फुटी कर."

"व्हीलचेअरला तीन पुरतंय, सर."

"व्हीलचेअरचं नाही म्हणत. चौघांना मला उचलून नेताना वाकडंतिकडं व्हायला लागू नये."



प्रज्ञा दाराकडं बघत राहिली. सरांकडं बघितलं नाही.

"हे करेक्शन मी घेत न्हाय," ती म्हणाली आणि तीन फुटी दाराचीच प्रिंट काढली.