येवल्याचे वडील

आमच्या चर्चच्या मंडळीत देवराम त्रिभुवनांना सगळे 'वडील' म्हणतात. वयाने त्यांच्याहून मोठी माणसंसुद्धा. पाळकांच्या मदतीला मंडळी आपल्यातलीच काही माणसं निवडते, त्यांना हे नाव आहे. त्याला पगार नाही, झगा नाही. आजाऱ्याच्या उशाशी बसायचं, रुसलेल्या भावांना एका बाकावर आणायचं, अंथरुणाला खिळलेल्यांकडे पाळकांबरोबर प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस घेऊन जायचं, कुणी गेलं की कबरीची जागा दाखवायची. देवराम एसटीत चालक होते. पाळकांची बदली होते, पण आपला डेपो हाच, असं ते म्हणतात.

गेल्या वर्षी लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत आमच्या मंडळीतल्या जीवनचं दुखणं हाताबाहेर गेलं. त्याचं यकृत निकामी झालं होतं. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, तेव्हा शुभांगी, त्याची बायको, काय ते समजली. शरणपूर रोडमागच्या त्यांच्या दोन खोल्यांत पलंग खिडकीशी लावला गेला. जीवन मूळचा येवल्याचा, पैठणी विणणाऱ्या हिंदू घरातला. नाशिकला नोकरीला आला, शुभांगीशी चर्चमध्ये लग्न केलं, पुढे बाप्तिस्मा घेतला. लग्नाला त्याचे वडील सोमनाथ आले नाहीत. मग जीवनही कधी येवल्याला गेला नाही. आई आधीच वारली होती.

एका सकाळी तो शुभांगीला म्हणाला, "वडिलांना बोलव." तिने देवरामांना फोन केला. ती मंडळीतच वाढलेली. वडील म्हणजे देवराम, दुसरा अर्थ तिच्या मनात आलाच नाही. ते आले, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. जीवनने आमेन म्हटलं. संध्याकाळी तो पुन्हा तेच म्हणाला. शुभांगीला वाटलं, तापात विसरला. देवराम पुन्हा आले. दुसऱ्या दिवशीही तेच झालं, तेव्हा शुभांगी ओशाळून त्यांना म्हणाली, तुम्हाला उगाच हेलपाटे पडतायत.

मीही त्या वेळी तिथे होतो. देवराम पलंगाशी वाकले आणि म्हणाले, मी आलोय. जीवनने त्यांच्याकडे पाहिलं, मग त्यांच्या खांद्यावरून दाराकडे.

देवरामांनी हळूच विचारलं, "कोणते वडील, जीवन?"

"येवल्याचे," तो म्हणाला.

शुभांगीने पदर तोंडाला लावला. येवल्याच्या घरी तो बापाला अण्णा म्हणायचा, पण इतक्या वर्षांत ते नाव त्याने तिच्यापुढे एकदाही काढलं नव्हतं. विषय निघालाच तर 'माझे वडील' एवढंच.

मी येवल्याच्या शाळेत काही वर्षं शिकवत होतो, गल्ल्या ठाऊक होत्या, म्हणून देवरामांनी मला बरोबर घेतलं. विंचूरपाशी कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती. गाडी मी चालवत होतो, पण दर वळणाला शेजारी बसलेल्या देवरामांचा उजवा पाय ब्रेक शोधत होता. एरवी मी त्यांची थट्टा केली असती.

सोमनाथ मागावर बसले होते. आम्ही नाशिकहून न्यायला आलोय आणि जीवन फार आजारी आहे, एवढं ऐकूनही त्यांचा धोटा थांबला नाही. तुम्ही त्याचे कोण, असं त्यांनी विचारलं.

"मी त्याच्या मंडळीचा वडील," देवराम म्हणाले, आणि आपण कोणता शब्द वापरला ते बोलल्यावर त्यांचं त्यांनाच कळलं.

धोटा थांबला. "बरं झालं," सोमनाथ म्हणाले. "त्याला वडील हाय तिकडं. मंग मला कशाला न्यायला आले?"

देवराम उंबऱ्याच्या बाहेरच होते. तिथेच खाली बसले.

"मंडळीनं हात वर करून मला निवडलंय, सोमनाथराव. मी गेलो की दुसऱ्याला निवडतील. तुम्हाला कुणी निवडलं नाही, म्हणून तुमच्या जागी कुणाला बसवता येत नाही. दोन दिवस मी बसून पाहिलं. तो माझ्या मागं दाराकडंच बघतो."

सोमनाथ बराच वेळ विणलेल्या पदरावरून बोटं फिरवत राहिले. मग विचारलं, "जेवतो का?"

नाही, म्हणालो.

त्यांनी मागावर चादर पसरली, सदरा बदलला आणि शेजारणीकडे किल्ली देऊन आले.

आम्ही पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. दारात सोमनाथ अडखळले. भिंतीवरच्या क्रुसाकडे पाहिलं, शुभांगीकडे पाहिलं. तिने वाकून नमस्कार केला. आतून आवाज आला, "अण्णा?" मग ते थांबले नाहीत.

देवराम त्यांच्या मागे आत गेले नाहीत. दार ओढून घेऊन ते बाहेर पायरीवर बसले. शुभांगीलाही त्यांनी खुणेने थांबवलं. थोड्या वेळाने पाळकांचा फोन आला. प्रार्थना झाली का, असं त्यांनी विचारलं असावं.

"अजून नाही, पास्टर," देवराम म्हणाले. "आत बापलेक बोलतायत. मी बसलोय इथं."